नांगरलेला फोटो

आमच्या शाखेला ५० वर्षं झाली तेव्हा स्मरणिका काढायचं ठरलं. ‘तुम्ही बी.कॉम., शिवाय लिहिता-बिहिता,’ असं म्हणत साहेबांनी ते लोढणं माझ्या गळ्यात बांधलं. मजकूर, तक्ते, फोटो, सगळं वर्डमध्ये मांडून छापखान्यात द्यायचं. पानं आठ.

वर्डमध्ये फोटो ठेवणं म्हणजे घरजावई ठेवण्यासारखं. त्याचं घरातलं स्थान आधीच ठरवावं लागतं. ‘ओळीत’ ठेवला, तर तो एक भलंमोठं अक्षर होऊन बसतो. मागे चार शब्द वाढले की तोही बिचारा पुढे सरकतो. ‘मोकळा’ सोडला, तर मजकूर त्याच्या बाजूनं वाहतो आणि त्याला कुठंही ओढून नेता येतं. पण हे स्वातंत्र्य दिसण्यापुरतं. फोटोवर क्लिक केलं की समासात एक चिमुकला नांगर दिसतो. शेतातला नव्हे, जहाजाचा. मोकळा फोटोसुद्धा कुठल्या तरी परिच्छेदाला नांगरलेला असतोच. परिच्छेद पुढच्या पानावर गेला की फोटो त्याच्यामागे जातो. हे कळेपर्यंत मी तीन संध्याकाळी त्या यंत्राला शिव्या घातल्या.

मग ठेवींचा तक्ता. दर पाच वर्षांची एक आडवी ओळ. त्यातली एक ओळ बरोबर मधोमध चिरली गेली. अर्धा शेरा या पानावर, अर्धा त्या. ओळ पानावर तुटू न देण्याची सोय असते, ती केली. ती अख्खी ओळ उडी मारून पुढच्या पानावर गेली आणि स्मरणिका नऊ पानांची झाली. छापखान्याचा हिशेब चाराच्या पटीत. आठाची नऊ होत नाहीत, एकदम बारा होतात. साहेबांनी खर्चाचा आकडा ऐकला आणि चष्मा काढला.

काहीतरी कापणं आलं. साहेबांचं मनोगत? छे! उरला शिपाईमामांवरचा परिच्छेद. ३१ वर्षं शाखेचं शटर उघडणारे आणि लिहिता न येणाऱ्या खातेदारांच्या स्लिपा भरून देणारे मामा त्याच वर्षी निवृत्त झाले होते. म्हटलं, फोटो तर आहेच, मजकूर नसला तरी चालेल. परिच्छेद पुसला. आणि मामाही गेले! ज्या परिच्छेदाला नांगर, तो पुसला की फोटोही पुसला जातो, असा नियमच आहे.

यावर उपाय सोपा. पुसलेलं परत आणलं, नांगर ओढून साहेबांच्या मनोगताला लावला आणि मग मामांचा परिच्छेद पुसला. फोटो टिकला. ‘उत्तुंग झेप’ या शब्दांशेजारी मामा हसत होते. पान मोठं देखणं दिसत होतं.

ते मी कौतुकानं हिला दाखवलं. ही म्हणाली, ‘‘अहो, हे कोण? तुमचे खातेदार का?’’

माझ्याकडे उत्तर होतं. पण ते मी नुकतंच पुसलं होतं.

माणसाचा फोटो लावला की आपण त्याची दखल घेतली, असं आपल्याला वाटतं. त्यात सोय एवढीच, की फोटोला जागा थोडी लागते आणि आपल्याला शब्द लागत नाहीत. शब्द काढून घेतले की उरतो तो फक्त एक चेहरा. कुणाच्याही शेजारी नेऊन बसवावा असा. ते यंत्र फोटो पुसत होतं तेव्हा माझ्यापेक्षा प्रामाणिक होतं.

रात्री पुन्हा बसलो. तक्त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात अकरा वेळा ‘ठेवींमध्ये समाधानकारक व उल्लेखनीय वाढ’ असं लिहिलं होतं. लिहिणारा मीच. रकाना अरुंद, त्यामुळे प्रत्येक शेरा चार ओळी खात होता. तो अख्खा रकाना उडवला. पानं आठ झाली. मामा आपल्या परिच्छेदाशेजारी परत आले.

स्मरणिका हातात आल्यावर साहेबांनी विचारलं, ‘‘अहो, शेऱ्याचा रकाना कुठं गेला?’’

‘‘काय सांगू साहेब,’’ मी म्हणालो, ‘‘या वर्डमध्ये कधी काय कुठं जाईल, भरवसा नाही.’’