राजाच्या वतीने कोण बोलले?

शाहू महाराजांची गोष्ट शब्बाथशाळेत कधी सांगितली नाही असा शिक्षक आमच्या निपाणीकडच्या मंडळ्यांत विरळाच. कोल्हापूरला जाताना वाटेत कागल लागते, आणि हे महाराजांच्या जनक घराण्याचे, घाटग्यांचे गाव, एवढे मुलांना ठाऊक असते. १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी त्यांनी निम्म्या जागा राखून ठेवल्या, हेही आपण अभिमानाने सांगतो. पण मध्यंतरी वर्गातल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, ते दत्तक गेले ना? मग त्यांच्या आधीचे राजे कुठे गेले?"

त्याचे उत्तर मी त्या दिवशी टाळले. ते येथे देतो.

१८७० साली कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी वारले. वय अवघे वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. तेथे त्यांचे स्मारक आजही उभे आहे. पोटी पुत्र नव्हता, म्हणून पुढल्या वर्षी भोसले कुळातील नारायणराव नावाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला. हे चौथे शिवाजी महाराज. राज्य त्यांच्या नावाचे, पण कारभार इंग्रज सरकारच्या देखरेखीखाली. मुलगा मोठा होऊ लागला तसे त्याच्या बुद्धीस भ्रम झाला आहे असे सांगण्यात येऊ लागले. तो भ्रम खरा होता, की वागणुकीने आणला गेला होता, ह्यावर तेव्हाही लोकांत दोन तट होते.

'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे १८८१ साली निघाली होती. आगरकर आणि टिळक ह्यांनी महाराजांची बाजू घेतली आणि संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे ह्यांच्यावर कारस्थानाचा आरोप केला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. ज्या पत्रांच्या आधारावर आरोप उभा होता ती पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले तेव्हा लोकांनी त्यांचा मोठा गौरव केला. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले.

एका शिक्षक सभेत हा विषय निघाला असता एक वडील म्हणाले, "हेतू चांगला होता, एवढे पुरे." मला ते पुरेसे वाटत नाही. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. तिच्यात 'हेतू चांगला असल्यास चालेल' अशी सवलत कोठे आहे? ज्याचे नाव छापले तो बर्वेही माणूसच होता, त्यालाही घरदार होते. ह्या दोघांनी पत्रे स्वतः बनवली नव्हती, फसले होते, हे खरे. पण जे ऐकावेसे वाटते ते आपण तपासून घेत नाही, ही चूक विद्वानांच्या हातूनही होते. चूक कळल्यावर ती कबूल करण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, ते त्यांच्या पदरी जमा धरावे.

मात्र दुसऱ्या बाजूने विचार करा. पत्रे खोटी ठरली म्हणून महाराजांचे पालनकर्ते निर्दोष ठरले काय? निकाल बर्व्यांच्या अब्रूचा लागला. महाराजांच्या हालांचा निकाल त्या न्यायालयापुढे नव्हताच. पुढे त्यांना अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली, तीत प्लीहा फुटून महाराज गेले. वय वीस. आपण ज्या दिवशी मंदिरात दिवे लावतो तोच तो दिवस.

असे इकडेच घडले असेही नाही. जर्मनीतील बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग ह्यास १८८६ च्या जून महिन्यात चार वैद्यांनी वेडा ठरवले, तेही समोर बसवून तपासल्यावाचून. चुलता कारभार पाहू लागला. तीनच दिवसांनी, १३ जूनला, राजा आणि त्या चौघांतील मुख्य वैद्य गुडेन ह्या दोघांची प्रेते सरोवरात सापडली. काय घडले ते सांगायला कोणी उरले नाही. त्यानंतर गादी धाकट्या भावाला, ओटोला मिळाली. तो तर आधीपासूनच वेडा म्हणून कोंडलेला होता, आणि त्याच अवस्थेत १९१३ पर्यंत राजा म्हणवला गेला. नाव त्याचे, हुकूम दुसऱ्यांचे.

कोल्हापूरच्या ह्या प्रकरणात सरकार बोलले, वैद्य बोलले, पत्रकर्ते बोलले, वकील तर बोललेच. सगळे त्या मुलाच्या वतीने किंवा त्याच्या विरुद्ध. त्याला स्वतःला काय म्हणायचे होते ते मला कोठे वाचायला मिळाले नाही.

हे लिहिताना मला आमचे एक चुलते आठवतात. त्यांचे चित्त थाऱ्यावर नसे, आणि माडीवरच्या खोलीला बाहेरून कडी असे. उपाशी कोणी ठेवले नाही. भाकरी वेळेवर वर जाई. शेताची वाटणी झाली तेव्हा त्यांना खाली आणून कागदावर अंगठा घेतला. कागदात काय आहे हे त्यांना वाचून दाखवण्याचे कोणाला सुचले नाही. त्या वेळी घरात सफाईने वाचता येणारा मी एकटा होतो. मी शाई पुसायला फडके आणून दिले. चुलते माझ्याकडे बघून हसले आणि जिना चढून वर गेले.

त्या मुलाला मी पुढच्या रविवारी उरलेली हकीकत सांगणार आहे. शिवाजी महाराज गेले तेव्हा त्यांची पत्नी आनंदीबाई मागे राहिल्या. तीन महिने पुरे व्हायच्या आत, १७ मार्च १८८४ रोजी, त्यांच्या मांडीवर कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक बसवला गेला आणि त्याचे नाव शाहू ठेवण्यात आले. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, म्हणजे साधारण माझ्या वर्गातल्या ह्या मुलाएवढाच.