शोमरोन्याचे तेल आणि नवी सुई



यरीहोच्या वाटेवर पडलेल्या मनुष्याला शोमरोन्याने, "तू या वाटेने एकटाच का निघालास?" असे विचारल्याचे लूककृत शुभवर्तमानात कोठेही आढळत नाही. त्याने आधी जखमा बांधल्या. याजक मात्र यरुशलेमेकडूनच खाली येत होता. कदाचित मंदिरातील सेवा आटोपूनच!

आपल्या देशात अशी एक वाट मणिपुरातून जाते. म्यानमारच्या सीमेपलीकडून येणारे हेरॉइन तेथील तरुण शिरेत टोचून घेऊ लागले. 1990 च्या सुमारास त्यांच्यात एचआयव्ही पसरल्याचे उघड झाले आणि थोड्याच काळात तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे बाधित निघाले. चुराचांदपूरसारख्या ख्रिस्तीबहुल जिल्ह्यात यांतील कित्येक जण रविवारच्या शाळेत वाढलेली आपलीच भावंडे होती.

त्यांना धोका ठाऊक नव्हता काय? आरंभी नव्हता. पुढे कळला, तरी सुई हातोहात फिरतच राहिली. नशा उतरताना अंग असे मोडून येते की त्या घटकेला उद्याचा विचार सुचत नाही. खिशात सुई सापडली तर पोलीस धरतील, म्हणून ती कोणी जवळ बाळगत नाही. शिवाय जिवलग मित्राची सुई नाकारणे हा त्याचा अपमान वाटतो. कित्येक जण सुई वेगळी ठेवतात. पण हेरॉइन विरघळवण्याचे पाणी, चमचा व गाळण्याचा कापूस एकच वापरतात. त्यातूनही हा विषाणू व काविळीचे विषाणू पसरू शकतात.

सुई पुरवणे म्हणजे पापाला हातभार लावणे, असे काही पाळकबंधू म्हणतात. हा आक्षेप प्रामाणिक आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु मृताला पश्चात्तापाची संधी कशी मिळणार? मणिपूर राज्याने 1996 साली सुई पुरवण्यास आपल्या धोरणात स्थान दिले. 2017 च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार हे काम गुन्हा ठरत नाही. शिवाय नवी सुई देणाऱ्या कार्यकर्त्याशीच तो तरुण मोकळेपणाने बोलतो. त्याच ओळखीतून तो रक्ततपासणीस जातो, हेरॉइनऐवजी जिभेखाली ठेवावयाची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी घेतो, आणि बाधित असल्यास 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळणारे औषधही सुरू करतो.

आपल्या मंडळीत भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा घालून मागच्या बाकावर बसणारा कोणी असेल. त्याने प्रथम कोणाकडे यावे, हे आपल्या पंचांनी ठरविले आहे काय?