मनाईचा अखत्यार

अल्पवयीन मुलांच्या दृष्टीस काय पडावे यावर शाळेने काही निर्बंध घालावा, हे मला मान्य आहे. परंतु तो निर्बंध कोणी घातला, कशासाठी घातला आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागावी, यांपैकी काहीच ज्याच्यावर तो पडतो त्यास ठाऊक नसावे, ही व्यवस्था विद्यादानाच्या संस्थेस शोभत नाही, असे अमेरिकेतील शाळांच्या लॅपटॉपांचा इतिहास पाहता माझे स्पष्ट मत झाले आहे.

या व्यवस्थेचे मूळ ज्यात सांगितले जाते तो ‘चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट’ २००० सालच्या डिसेंबरात झाला. ‘ई-रेट’ या सरकारी योजनेची सवलत इंटरनेटसाठी घेणाऱ्या शाळांनी व ग्रंथालयांनी अश्लील, बालकांच्या लैंगिक शोषणाची आणि अल्पवयीनांस अपायकारक अशी चित्रे रोखावीत, असे त्याने फर्मावले. ही अट चित्रांपुरती होती, लिखित मजकुरास ती लागू नव्हती; शिवाय कोणा विशिष्ट व्यक्तीच्या वापराचा माग ठेवणे या कायद्याने आवश्यक ठरते असा अर्थ काढू नये, असेही त्यात नमूद आहे. सरकारने मागितले ते इतके मर्यादित होते. शाळांनी विकत घेतले ते कितीतरी व्यापक.

मेन राज्याने २००२ साली सातवीच्या मुलांना लॅपटॉप वाटण्यास आरंभ केला, पुढे स्वस्त क्रोमबुके आली, आणि २०२० च्या महामारीत शाळा घरातच भरू लागल्यावर हे यंत्र मुलाच्या दप्तरातील नित्याची वस्तू झाले. पूर्वी छाननी शाळेच्या इमारतीतील नेटवर्कवर होत असे. आता ती बहुधा ब्राउझरमधील एक्स्टेन्शनच्या रूपाने यंत्रातच असते, आणि म्हणून घरच्या वाय-फायवरही तिचा अंमल चालतो. ज्या घरात दुसरा संगणक नाही, तेथील मुलाला शाळा सुटल्यावरही त्या मनाईतून सुटका नसते. बरे, ही मनाई ठरते कशी? एक खाजगी कंपनी असंख्य संकेतस्थळांची वर्गवारी करते, शाळेचा तंत्रविभाग त्यांपैकी काही वर्गांपुढे खूण करतो, आणि अमुक स्थळ अमुक वर्गात का पडले हे पुष्कळदा त्या शाळेसही सांगता येत नाही. स्तनाच्या कर्करोगाविषयी वाचू पाहणाऱ्या मुलीपुढे शाळेचे बोधचिन्ह आणि एका वर्गाचे नाव एवढाच ऐवज असलेले पान उभे राहिले, तर तिने ते कोणाचे मत समजावे?

मिसूरी राज्यातील कॅमडेंटन या शाळा-जिल्ह्याचा खटला या दृष्टीने फार बोधक आहे. तेथील छाननीच्या यादीत समलिंगी व्यक्तींना आधार देणारी संकेतस्थळे ‘लैंगिकता’ या वर्गात गेली होती आणि म्हणून ती बंद होती. त्यांचा धिक्कार करणारी संकेतस्थळे मात्र ‘धर्म’ या वर्गात बसल्यामुळे खुली होती. एकाच प्रश्नाची एक बाजू वाचावयास मिळे, दुसरी मिळत नसे. फेब्रुवारी २०१२ मध्ये संघीय न्यायालयाने जिल्ह्याला हा पक्षपात थांबविण्याचा हुकूम दिला. मागणी आल्यास एखादे स्थळ उघडून देऊ, अशी जिल्ह्याची कैफियत होती. पण स्वतःविषयीच्या ज्या शंकेचा उच्चार मुलाला घरातही करवत नाही, ती त्याने शाळेच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करून प्रकट करावी, ही अपेक्षाच निष्ठुर आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ‘चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट’ सार्वजनिक ग्रंथालयांच्या संदर्भात उचलून धरला, तेव्हा प्रौढ वाचकाने ग्रंथपालास सांगितले की छाननी सहज दूर होते, या गोष्टीला मोठे वजन मिळाले. परंतु ‘ई-रेट’च्या नियमांत प्रामाणिक संशोधनासाठी छाननी उठवण्याची मुभा आहे ती प्रौढांना, विद्यार्थ्याच्या हाती अशी कोणतीही सनद नाही, आणि ज्याची जिज्ञासा सर्वांत कोवळी त्याचीच बाजू कायद्याने सर्वांत लंगडी ठेवली आहे.

म्हणून माझी तजवीज अशी की मनाईच्या प्रत्येक पानावर निर्णय करणाऱ्या शाळाधिकाऱ्याचा हुद्दा आणि कारण लिहिलेले असावे. कोणते वर्ग बंद आहेत याची यादी शाळा-मंडळाच्या जाहीर सभेत दरवर्षी मांडली जावी. तक्रार निनावी करता यावी. आणि तिचा निकाल तंत्रविभागाने नव्हे, तर शाळेच्या ग्रंथपालाने ठराविक मुदतीत लेखी द्यावा व तो सर्वांस पाहता येईल अशा दप्तरात ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच पानाशी अडलेल्या मुलाला तीच दाद पहिल्यापासून मागावी लागणार नाही.