फोटो लावून गुडघा बरा होत नाही

बस इथे. गुडघा दाखव. तो नाही, पॅन्टखाली दडवतोयस तो. एवढा टम्म सुजलाय आणि तू मला सांगतोस, "सर, एड व्हिटलॉक त्र्याहत्तराव्या वर्षी..."

अरे, मला सांगतोस? टोरांटोतली मॅरेथॉन, 2004 साल, 2 तास 54 मिनिटं 48 सेकंद. तुझी साठी आत्ता उलटली, म्हणजे हाताशी अजून बारा-तेरा वर्षं आहेत, असा हिशेब मांडलास ना? गणितात शाळेतही कच्चाच होतास.

आकडा पाठ केलास, माणूस वाचलास का? कॅनडातल्या मिल्टनचा हा खाण अभियंता घराजवळच्या दफनभूमीत पळायचा. त्याच त्या वाटेवर फेऱ्या, तीन-तीन तास, आणि शर्यतीच्या मानानं अगदी रखडत. पायात जुनेपाने बूट. ना प्रशिक्षक, ना नाडी मोजणारं यंत्र. सराव फार आवडतो असं सोंगही त्यानं कधी आणलं नाही. गोडी शर्यतीची, सराव करावाच लागतो म्हणून. आणि गुडघा कुरकुरला की पळणं बंद. महिनोन् महिने बंद! परतला की थोडंथोडं वाढवत न्यायचा. पंच्याऐंशीव्या वर्षी 3 तास 56 मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली ती या माणसानं. तुझ्या फोनवर त्याचा नुसता फोटो आहे.

तू पहाटे टेकडीच्या चढावर पंचविशीतल्या पोरांच्या मागे लागतोस. ती संध्याकाळपर्यंत ताजीतवानी होतात, तुझे स्नायू सावरायला दिवस जातात. यात लाज कसली? लाज वाटू दे ती लपवाछपवीची. मागच्या शर्यतीला वेदनाशामक गोळी घेऊन उभा राहिलास, हे मला तुझ्या बायकोकडून कळावं? घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडावर बेततात, गाढवा. वर कार्बन पट्टीचे महागडे बूट! ते बघून व्हिटलॉक हसला असता.

उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. शर्यतीची फी बुडेल, बुडू दे. ते सांगतील तितके दिवस विश्रांती, मग सपाट मैदानावर, बोलता येईल इतक्याच वेगानं. तोवर इथे यायचं असेल तर शिट्टी आणि वही देतो, पोरांच्या वेळा लिहून घे. पळताना दिसलास तर मुलांदेखत फाटकाबाहेर काढीन, वय बघणार नाही.