रीत आपली, फळ तिचे

६१७४ ही दिसायला अगदी साधी संख्या. शंभरासारखा तिला डौल नाही, एकशे आठासारखे पावित्र्य नाही. पण देवळालीच्या शाळेत मास्तरकी करणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना १९४६ साली तिचे एक गुपित सापडले, आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते सांगितले.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारी अंक एकच मात्र नसावेत. अंक आधी उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. १९४७ घेतली, तर ९७४१ मधून १४७९ जाऊन ८२६२ उरतात. पुढे ६३५४, ३०८७ (यातले शून्यही अंकच धरायचे), ८३५२, आणि शेवटी ६१७४. तिथे पाय रोवले जातात; कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४ च! जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या या उंबरठ्याशी येते.

केंब्रिजचे गणिती हार्डी यांना असल्या गमतींचे कौतुक नव्हते. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट, म्हणजे दोन्ही आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत. पण हे कोड्यांच्या सदरात शोभावे, गणितज्ञाला त्यात काही नाही, असे त्यांनी १९४० साली लिहून ठेवले होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. ६१७४ चा हा महिमा दहा बोटांवर उभा आहे. आठाच्या पद्धतीने मोजणारा कोणी हीच संख्या १४०३६ अशी लिहील, आणि तिचा तो गुण तिथे उरणार नाही.

म्हणजे हा सारा खेळ माणसाच्या रीतीचा. मग तो खोटा का? मला तसे वाटत नाही. दहाची पद्धत आपण निवडली, वजाबाकीचा नियमही आपण घातला. पण त्यातून ६१७४ निघावी हे कोणी ठरवले? ती टाळून ६१७५ आणू म्हटले, तर ते कोणाच्या हाती आहे?

घरातल्या रीतींचेही असेच असते. पुरुषांची पंगत आधी आणि बायकांची मागाहून, ही रीत घालताना कोणी सासू-सुनेला उपाशी ठेवायचे म्हटले नसेल. पण सणाच्या दिवशी भांड्याच्या तळाशी उरेल ते कोणाच्या पानात पडायचे, हे त्या रीतीनेच ठरून जाते. घरात दुष्ट कोणी नसतो. आणि म्हणूनच जाब कोणाला विचारायचा तेही कळत नाही. ‘ही नुसती रीत आहे’ असे म्हणून आपण सुटतो. पण रीत नुसती कधीच नसते. ती घालणे आपल्या हाती. ती चालू असताना तिचे फळ बदलणे नव्हे.

मात्र हीच गोष्ट धीरही देते. चाराऐवजी तीन अंक घ्या, की मुक्काम ४९५ वर हलतो. दोनच घ्या, तर ९, ८१, ६३, २७, ४५ असे फिरत राहावे लागते, मुक्काम म्हणून नाहीच. नशीब वाटत होते ते मांडणीचे फळ होते. जे मांडले आपण, ते पुन्हा मांडायलाही आपणच हवे.