पिनेवरचे जहाज

आमच्या शहाडजवळची उल्हास नदी पुढे कल्याणच्या खाडीला मिळते. या कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आहे. त्याच्याही सात-आठशे वर्षे आधी ग्रीसच्या बिओशिया प्रांतात वस्त्र अडकवायच्या ब्राँझच्या पिनेवर जहाज कोरीत. ज्यावर गेलेला माणूस परतेलच असे नाही, ते जहाज अंगावर का मिरवावे?

कुणी म्हणेल, श्रीमंतीची ऐट. असेलही. पण अशा पिना कबरींतही सापडल्या आहेत. पुन्हा वापरता आली असती अशी चीज लोकांनी मेलेल्याबरोबर दिली. नुसत्या ऐटीसाठी कुणी एवढे करत नाही.

बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे. खाली वल्ह्यांच्या रांगा, वर योद्धे. वीर स्वर्गाला पोचलेला दिसतो. वल्हे मारणाऱ्यांचे काय झाले, ते दगड सांगत नाही. आम्हाला हे खटकते. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतले पुरुष खलाशी म्हणून बोटीवर गेले. त्यांच्या बायकांपैकी कुणी गळ्यात जहाज घातले असते, तर त्याला ऐट म्हणायची आमची हिंमत झाली नसती. जहाजाच्या मालकिणीने तेच घातले, तर मात्र आम्ही आधी वल्ही मोजू.