चाकणच्या चौकात टर्बो आजी

पुण्याजवळच्या चाकण-भोसरीच्या कारखानी पट्ट्यात जपान पहिल्यांदा आला तो शिस्तीच्या वेषात. कायझेन, कानबान, फाइव्ह एस हे शब्द इथल्या शॉपफ्लोअरवर इतके रुळलेत की ते मूळचे कुठले, याचा विचारही कुणी करत नाही. आता त्याच कामगारांच्या मुलांच्या मोबाइलमध्ये दुसराच जपान उतरलाय आणि त्यात शिस्तीचा मागमूस नाही.

मी बोलतोय ते 'दानदादान'बद्दल. युकिनोबू तात्सु यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, एप्रिल 2021 मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तिचं ॲनिमे आलं. मोमो नावाच्या शाळकरी मुलीचा भुतांवर विश्वास आहे, परग्रहवासीयांवर नाही. तिच्याच शाळेतल्या ओकारुनचं नेमकं उलटं. पैज लागते. तिनं ओसाड इस्पितळात जायचं, त्यानं बोगद्यात. तिला परग्रहवासी गाठतात, त्याला भूत. दोघंही पैज हरतात आणि दोघंही खरे ठरतात. पुढे भयकथा, विज्ञानकथा, हाणामारी, कोवळं प्रेम आणि बराचसा चावटपणा एकाच पानावर नांदतो. बोगद्यातलं भूत म्हणजे टर्बो आजी. ती त्या पोराचा जो ऐवज पळवते, त्याचं नाव दिवाळी अंकात छापणं बरं दिसणार नाही.

ही आजी तात्सुंच्या डोक्यातून निघालेली नव्हे. धावत्या मोटारीच्या बरोबरीनं पळणाऱ्या म्हातारीची दंतकथा जपानात आधीपासून आहे. मोटारी आल्या, तसं भूतही वेगानं पळायला शिकलं. चाकणच्या तळेगाव चौकात मात्र तिची पंचाईत झाली असती. शिफ्ट सुटल्यावर तिथं मोटारच हलत नाही, बरोबरीनं पळणार कुणाच्या?

या सगळ्या धुडगुसात मोमोची आजी एक गोष्ट सांगून जाते. जिथं मुलींना हाल होऊन मरण आलं, अशा जागी टर्बो आजी वावरते, त्यांच्या आत्म्यांची समजूत काढते. त्या बोगद्यातलं खेकड्याच्या रूपातलं भूत अशाच मुलींचं. पुढे एक फार भयंकर भूत येतं, ते तर बळी देण्यासाठी कोंडून ठेवलेल्या लहान पोराचं निघतं. तात्सुंची भुतं अशी कुठंच दाखल न झालेल्या फिर्यादी घेऊन उभी असतात. म्हणून पान उलटता उलटता हसणारा वाचक मधेच गप्प होतो.

मराठी भुतंही फिर्यादीच. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, बुडून मेलेला गिऱ्हा होतो. बाळंतपणात बाया मरत होत्या, म्हणून गावोगाव हडळ होती. आणि आमच्या भुतांची जात मेल्यावरही जात नाही. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचाच, देवचार-खवीस इतरांचे. पिंपळावर कुणी बसायचं आणि वेशीबाहेर कुणी, हे वर गेल्यावरही ठरलेलं. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणखी काय हवं?

फक्त भुतांच्या फिर्यादींचं हे दप्तर बैलगाडीच्या काळातच बंद झालं. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, मोटारींचे कारखाने, पुढे चाकण. पुण्याभोवतीच्या म्हसोबा-म्हातोबांचा पायी हिंडून माग काढणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींचं 'मिथ अँड रिॲलिटी' 1962 साली आलं. हद्द राखणारे असे कितीतरी देव नंतर बांधासकट प्लॉटमध्ये गेले. कुठं कंपाउंडच्या आत शेंदूर फासलेला दगड तेवढा उरला. इथं माणसं मरायची थांबली नाहीत. पॉवर प्रेसखाली बोटं जातात. डबल ड्युटी करून दुचाकीवरून खोलीवर परतणारं कंत्राटी पोरगं कंटेनरखाली येतं. एकेकाळच्या आपल्याच शेतात उभ्या राहिलेल्या कंपनीच्या गेटवर कुणी सिक्युरिटीची काठी घेऊन म्हातारा होतो. यांतल्या कुणाच्या नावाचं भूत मराठीत नाही.

कारण आपण भुताचा प्रश्न 'आहे की नाही' इथंच अडकवून ठेवला. एका बाजूला मांत्रिक-बुवा, दुसऱ्या बाजूला अंधश्रद्धा निर्मूलन. दुसऱ्या बाजूचं काम फार मोठं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यातलं एक कलमही मला सैल व्हायला नको आहे. पण जपानात इनोउए एन्र्यो (1858–1919) नावाचे तत्त्वज्ञ होऊन गेले. लोकांच्या डोक्यातली भुतं घालवायची म्हणून त्यांनी देशभर फिरून भुतांच्या कथा गोळा केल्या, त्यांची वर्गवारी केली. भुतं घालवता घालवता त्यांचं भांडारच तयार झालं. पुढे शिगेरू मिझुकींनी (1922–2015) लहानपणी शेजारच्या म्हातारीकडून ऐकलेली भुतं कागदावर आणली. महायुद्धात राबाउलला त्यांचा डावा हात गेला होता. उरलेल्या हातानं त्यांनी 'किटारो' ही भुतांची मांगा काढली आणि सैनिकांना फुकट मरायला लावणाऱ्या सेनाधिकाऱ्यांचीही चित्रकथा काढली. त्या दोन कामांत त्यांना विसंगती वाटली नसावी, मलाही वाटत नाही.

आपल्याकडे सरमिसळ करणारे नव्हते असं नाही. नारायण धारपांनी भय आणि विज्ञान दोन्ही हाताळलं, रत्नाकर मतकरींनी भुताला मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आणून बसवलं. 'तुंबाड' (2018) आणि 'मुंज्या' (2024) हे चित्रपट हिंदीत झाले, तरी त्यांची माती मराठी आहे. तरीही भूत म्हटलं की आमचा कॅमेरा कोकणच्या गाडीत बसतो. पाऊस, पडका वाडा, पिंपळ. नाशिक फाट्याला तो उतरतच नाही.

खरं तर उतरावं असं इथं बरंच आहे. जपानी समजुतीप्रमाणे शंभर वर्षं वापरलेल्या अवजारात जीव येतो. भोसरीत कुणी शंभर वर्षं थांबत नाही. खंडेनवमीला गेल्याच वर्षी हप्त्यावर घेतलेल्या व्हीएमसी मशीनच्या दारावरही कुंकवाचं स्वस्तिक असतं, कंट्रोल पॅनलवर झेंडूचा हार, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू. एरवी मिनिटामिनिटाचा हिशेब मागणारा मालक चप्पल काढून मशीनपुढं नारळ फोडतो आणि ऑपरेटर, हेल्पर सगळे प्रसादाच्या पेढ्यासाठी हात पुढे करतात. त्या हातांची बोटं सारखी नसतात.

रूपीनगर-तळवडेतली एखादी मुलगी आज ॲनिमे बघून वहीत मोठ्या डोळ्यांची पोरं काढत असेल, तर तिच्या मांगाचा पहिला प्रसंग मला दिसतो. दसरा उलटलाय, पहिली पाळी भरलीय आणि प्रेस सुरू होत नाही. मेंटेनन्सवाला वायरिंग बघतो, क्लच बघतो, सेन्सर बघतो. सगळं ठीक. प्रेसला एक बोट परत करायचंय. ज्याचं ते आहे त्याला बोलवा म्हणते. एचआरवाला हजेरी काढतो, ठेकेदाराला फोन लावतो. ठेकेदार म्हणतो, त्या नावाचा माणूस आपल्याकडे कधी नव्हताच.